सात नको, बारा दाखवा

परवा सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत एका अक्काला विचारलं, वांगी कुठली ओ? "लोकलच की, आणि कुठली." म्हटलं लोकल म्हंजे नेमकी कुठली, तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की हा एकतर मास्तर असणार नाहीतर नुसता भाव विचारून पुढं जाणारा, आणि म्हणाली, "मार्केट यार्डातली. पहाटं चारला जाऊन आणल्यात." आता यात ती खोटं काहीच बोलली नाही. तिच्या लेखी माल यार्डातून उचलला म्हणजे तो इथला, त्याच्या आधी तो कुठल्या गावात कुणाच्या रानात होता हे तिला कुणी सांगितलेलं नाही, तिनं विचारलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं पिशवी घेऊन फिरणाऱ्या मी तरी कुठं विचारलं होतं.

बरं, यार्डात तर हा शब्द अजूनच वेगळ्या अर्थानं चालतो. बाजार समित्यांच्या भावाचा तक्ता कधी नीट बघितलाय का? शेतमालाच्या नावापुढं जात/प्रत असा एक रकाना असतो, त्यात हायब्रीड, लाल, उन्हाळी, मालदांडी असं लिहितात तसंच 'लोकल' पण लिहितात. म्हणजे पुण्याच्या नावापुढं 'कांदा लोकल' दिसलं तर तो कांदा पुण्यात पिकला असं अजिबात नाही, ती नुसती एक प्रत आहे. आपण शहरातली माणसं त्याच शब्दाला भुलून दहा रुपये जास्त द्यायला तयार होतो.

हे सगळं डोक्यात यायचं कारण आमचा रविवारचा बाजार. विजापूर रोडला आमच्या भागात आम्ही आठ-दहा जणांनी मिळून यंदा दिवाळीनंतर एका मोकळ्या प्लॉटवर शेतकऱ्यांचा बाजार चालू केला, १५-२० टेबलं, वर मांडव, आणि बाहेर फ्लेक्स, 'थेट शेतातून, फक्त लोकल'. कल्पना काही नवीन नाही. २०१६ ला राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, आणि संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडे बाजाराची योजनाही आणली. सावता महाराजांचं अरण आपल्याच माढा तालुक्यातलं, त्यामुळं सोलापूरकरांनी असा बाजार भरवायचा नाही तर कुणी. तर आम्ही बसून नियम केला की ज्याच्याकडं सोलापूर जिल्ह्यातला सातबारा आहे त्यालाच टेबल. एकमतानं केला, माझाही हात वर होता हे आधीच कबूल करतो.

तिसऱ्या रविवारी एक बाई आली, तामलवाडीच्या पलीकडच्या एका खेड्यातली. नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागं दोन्हीकडं पोती बांधलेली, त्यात मेथी, शेपू आणि करडईची कोवळी भाजी, मुळांना अजून ओली काळी माती. करडईची भाजी ज्यानं खाल्लीय त्याला सांगायला नको की ती बघितल्यावर काय होतं, आणि ही भाजी यार्डातून फिरून आली की दुपारपर्यंत तिचं गवत होतं. कमिटीतल्या एकानं सातबारा मागितला. तिच्याकडं होता, मोबाईलमध्ये फोटो होता, पण तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. "सॉरी ताई, फक्त सोलापूर जिल्हा." ती म्हणाली, अवो तासाभरात आलो की आम्ही. पण नियम म्हणजे नियम. गेली ती. त्याच वेळी आत चौथ्या टेबलावर एक मालक बसले होते, सातबारा आपल्या जिल्ह्यातला, झकास लॅमिनेशन केलेला, आणि टेबलावर बटाटा, आलं, ढबू मिरची. आपल्याकडं बटाटा पिकतो तरी किती ओ? मी जाऊन क्रेट बघितलं तर कडेला मार्करनं यार्डातल्या गाळ्याचा नंबर लिहिलेला. पुसायचे कष्ट पण घेतले नव्हते.

घरी येऊन आमच्याकडं जमा झालेले सातबारे वाचत बसलो. आपण सगळे 'सातबारा सातबारा' म्हणतो पण ते दोन वेगळे नमुने आहेत हे विसरूनच जातो. गाव नमुना सात सांगतो की जमीन कुणाची, आणि बारा सांगतो की त्या जमिनीत काय पेरलंय, म्हणजे पीकपेरा. चौथ्या टेबलवाल्या मालकांचा सात एकदम कडक होता. बारा बघितला तर सगळीकडं ऊस. सगळ्या क्षेत्रात ऊस आणि टेबलावर बटाटा! आम्ही सगळ्यांनी सात बघितला, बारा कुणीच बघितला नाही, कारण आम्हाला माणूस आपला आहे का एवढंच तपासायचं होतं, माल कुठला हे नव्हतंच.

माझं म्हणणं सगळं इथंच आहे. लोकल हा शब्द आपण माणसाच्या पत्त्याला लावतो आणि पैसे भाजीच्या पत्त्याचे मोजतो.

जिल्ह्याच्या हद्दीचं तर काही विचारूच नका. करमाळा आपल्या जिल्ह्यात, सोलापूर शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तुळजापूर दुसऱ्या जिल्ह्यात, ४५ किलोमीटर. विजापूर दुसऱ्या राज्यात, १०० किलोमीटर. म्हणजे आमच्या नियमानं करमाळ्याची केळी लोकल आणि तुळजापूरची मेथी परकी. या रेषा कुणी मारल्या, कधी मारल्या? १९४८ पर्यंत तुळजापूर निजामाच्या राज्यात होतं, अक्कलकोटला संस्थान होतं, आणि विजापूर तर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत सोलापूरसारखंच मुंबई राज्यात होतं. माझ्या आजोबांच्या वेळी विजापूरची ज्वारी 'आपल्या राज्यातली' होती आणि तुळजापूरची नव्हती, आता उलट्या बाजूनं तेच. मधल्या मधे रानातली माती काय हलली नाही. भीमा नदी काही अंतर दोन राज्यांच्या हद्दीवरून वाहते, अलीकडं दक्षिण सोलापूर, पलीकडं विजापूर जिल्हा, दोन्हीकडं तीच काळी जमीन आणि तोच शाळू. आणि सोलापुरात बसून भाषेवरनं परकं ठरवायचं म्हणजे तर कमालच, इथं एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही बोलतात, पूर्व भागातल्या तेलुगू घरी अंबाडीला गोंगुरा म्हणतात आणि रोजच्या आमटीला गुलबर्ग्याची तूरडाळ कित्येक घरात चालते. त्या डाळीला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, कलबुर्गी तूरडाळ म्हणून. आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरची डाळ, पण राज्य वेगळं, म्हणून आमच्या फ्लेक्सच्या हिशोबानं ती बाहेरची.

मग किलोमीटरनं मोजा, असं लगेच कुणीतरी म्हणतंच. आमच्या ग्रुपवर पण एकानं लिहिलं, ५० किलोमीटर फिक्स करू, विषय संपला. अमेरिकेनं असं फिक्स केलं होतं, त्यांच्या २००८ च्या शेती कायद्यात लोकल म्हणजे ४०० मैलांच्या आतलं किंवा त्याच राज्यातलं अशी व्याख्या आहे. ४०० मैल म्हणजे साधारण ६४४ किलोमीटर. सोलापुरात बसून हा आकडा लावा, हैदराबाद लोकल, पुणे-मुंबई लोकल, गोवा लोकल, बेंगळुरू पण बसतंय काठावर. त्यांच्या देशाचा आकार वेगळा, त्यांना ते ठीक असेल. पण यातनं एवढं कळतं की आकडा हा कुणाला आत घ्यायचं हे आधी ठरवून मग काढलेला असतो, ५० पण तसाच आणि ४०० मैल पण तसेच.

अंतर कमी म्हणजे डिझेल कमी, प्रदूषण कमी, हे तर सगळे गृहीतच धरतात. मी एकदा पाकिटाच्या मागं हिशोब केला, तुम्ही पण करून बघा. एक शेतकरी मोटरसायकलवर ४० किलोमीटरवरून ३० किलो भाजी आणतो, जाऊन-येऊन ८० किलोमीटर, लिटरला ५० धरलं तर १.६ लिटर पेट्रोल, म्हणजे किलोमागं ५० मिलीच्या वर. हैदराबादहून १५ टनाचा ट्रक ३०० किलोमीटर येतो, लिटरला ४ किलोमीटर, आणि समजा रिकामा परत गेला तरी १५० लिटर, किलोमागं १० मिली. पाचपट फरक, आणि तो पण आपल्याला नको त्या बाजूनं. आता आमच्यातलेच लोक बघा, बाजाराला यायला कार काढतात, जाऊन-येऊन ६ किलोमीटर, १५ चं ॲव्हरेज, ४०० मिली जाळून ४ किलो भाजी नेतात, किलोला १०० मिली. सगळ्यात जास्त इंधन शेवटच्या ३ किलोमीटरला जळतं आणि ते जाळणारा माणूस फेसबुकवर 'लोकल खा, पृथ्वी वाचवा' टाकतो (मी पण टाकलंय, नंतर काढलं). कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २००८ ला अमेरिकेतल्या घरांच्या खाण्याचा असा मोठा हिशोब मांडला होता, त्यात खाण्यामुळं होणाऱ्या एकूण उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा वाटा ११ टक्के निघाला आणि उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या वाहतुकीचा फक्त ४ टक्के. बाकी बहुतेक सगळं पिकवण्यात, जनावरात, खतात. आपला आकडा वेगळा येईल, आपण मांस-दूध कमी खातो, आपले पंप विजेवर चालतात, पण अंतर हाच सगळा हिशोब नाही एवढं तर खरंय.

अंतराचं काहीच महत्त्व नाही असं मात्र मी म्हणत नाही. हुरड्याचं घ्या. आता जानेवारीत कणीस दुधात असताना आगटीत भाजायचं, हातावर चोळायचं, गरम गरम तोंडात टाकायचं, सोबत शेंगाचटणी आणि गूळ. तो हुरडा काढून चार तास झाले की गोडवा उतरतो, दुसऱ्या दिवशी नुसता चोथा चावत बसायचं. पाकिटात फ्रीझ करून पुण्या-मुंबईला पाठवतात, ते पण खाल्लंय, असो. तर हुरडा हा लोकलच असला पाहिजे, त्याला दुसरा इलाजच नाही, मी तर म्हणतो रानात जाऊनच खावा. पण तेच कणीस दीड महिना ताटावर तसंच राहिलं, वाळलं, मळणी झाली, की त्याची ज्वारी होते आणि ती वर्षभर कणगीत राहते, कुठंही जाते, काही बिघडत नाही. म्हणजे बघा, एकच रान, एकच ताट, एकच कणीस, हुरडा असताना त्याला अंतर आहे आणि ज्वारी झाल्यावर नाही. मग सगळ्या मालाला एकच किलोमीटरची फूटपट्टी कशी लावणार? मेथीला तासात मोजा, टोमॅटोला दिवसात, डाळीला मोजूच नका. डाळीसाठी दुसरंच काहीतरी विचारायला पाहिजे.

आणि जवळचं म्हणजे चांगलं, हे पण तपासून घ्या. कुठल्याही शहराच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पालक-कोथिंबीर पिकवणारे असतात, हिरवीगार असते, मंडईपासून ५ किलोमीटर. किलोमीटरच्या परीक्षेत ती पहिली येईल.

आता आपल्या शेंगाचटणीकडं येऊ, कारण यावर मित्राशी भांडण झालंय. सोलापूरची शेंगाचटणी म्हणजे सोलापूरचीच, यात वाद नाही, पाहुण्यांच्या पिशवीत कडक भाकरी आणि चटणीचं पाकीट गेल्याशिवाय पाहुणा परत गेला असं वाटतच नाही. पण दाणे? देशात सगळ्यात जास्त भुईमूग गुजरातेत पिकतो, आणि मी जिथनं चटणी घेतो त्या काकूंना विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या, "दाणं काय, मार्केटला जे चांगलं येईल ते घेतो, कधी गुजरातचं, कधी कर्नाटकाचं. कांडतो आम्हीच." मित्र म्हणाला मग ती लोकल कशी. मी म्हणतो चटणी लोकल, दाणा लोकल नाही, दोन्ही खरं, आणि दोन्ही सांगायला काय जातंय? उखळात लसूण-मिरची-दाणा किती वेळ कांडायचा, तेल सुटायला लागलं की कधी थांबायचं, हे काही गुजरातनं पाठवलेलं नाही. त्या काकूंच्या घरात चार बायका कामाला आहेत, पाकिटाचा पैसा तिथंच राहतो. मूळ शोधत गेलं तर कुणीच टिकणार नाही, उजनीची चिलापी आपण अगदी गावची मासळी म्हणून मिटक्या मारत खातो आणि तो मासा मूळचा आफ्रिकेचा.

उलटं उदाहरण डाळिंबाचं. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ ला जीआय मिळालं, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, देशाचं केंद्र आपल्या शहरात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला पण त्याच वर्षी मिळालं, परतीच्या पावसाच्या ओलीवर आणि दंवावर येणारी मालदांडी. मालदांडी ३५-१ हा वाण सुद्धा मोहोळच्या केंद्रातला. सगळा अभिमान बरोबर आहे, पण जीआय हे 'तिथलं' असण्याचं सर्टिफिकेट आहे, 'इथलं' असण्याचं नाही. सोलापूरचं भगवा डाळिंब दुबईत खाल्लं तरी ते सोलापूरचंच, पण दुबईवाल्यासाठी ते लोकल होत नाही. आणि आपल्याला काय मिळतं? एक नंबरचा माल रानातूनच प्रतवारी होऊन बॉक्समध्ये भरून बाहेर जातो, तेल्या रोगाचा डाग पडलेला, तडकलेला, लहान राहिलेला हातगाड्यावर येतो. सोलापूरच्या माणसाला सोलापूरचं खरं डाळिंब खायचं असेल तर एकतर पाहुणे शेतकरी पाहिजेत नाहीतर मुंबईला जायला पाहिजे. नान्नजची द्राक्षं तशीच. महाराष्ट्र-कर्नाटकात लावला जाणारा सोनाका वाण ज्या गावानं दिला ते नान्नज इथनं २० किलोमीटरवर, आणि आपण मंडईत उरलेले घड घेतो. यात शेतकऱ्याची चूक काहीच नाही, जिथं भाव तिथं माल, त्यानं काय आपल्यासाठी तोटा सहन करावा का.

भावावर आलोच आहे तर हे सांगतो. फेब्रुवारी २०२३ मधली बातमी सगळ्यांनी वाचली असेल, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या यार्डात ५१२ किलो कांदा आणला, १ रुपया किलो भाव लागला, हमाली-तोलाई-गाडीभाडं जाऊन हातात चेक आला २ रुपयांचा. मला त्या बातमीत चेकपेक्षा दुसरीच गोष्ट लागली. तो कांदा लोकलच्या प्रत्येक व्याख्येत बसत होता. जिल्हा एकच, अंतर ७० किलोमीटर, मार्केट आपलं, वाहतूक एका दिवसाची, खाणारे आपण. फ्लेक्सवर लिहिलं असतं तर १०० टक्के लोकल. आणि आम्ही त्या आठवड्यात सोलापुरात कांदा १ रुपया किलोनं तरी घेत नव्हतो ओ. म्हणजे त्या ७० किलोमीटरमध्ये काहीतरी झालं, आणि ते किलोमीटर मोजून दिसत नाही. ते दिसतं पट्टी, म्हणजे अडत्यानं शेतकऱ्याला दिलेला विक्रीचा हिशोब वाचून, लिलावात वक्कल (मालाचा ढीग) कुणी फोडलं, कितीला गेलं, वजा काय काय झालं.

म्हणून मला विचाराल तर लोकल ठरवायची एकच परीक्षा मला पटते. मी दिलेला रुपया उलटा फिरत फिरत पिकवणाऱ्याच्या हातापर्यंत गेला तर मधे किती हातांनी त्याला थांबवलं, आणि भाजी किडकी निघाली तर मी त्याच वाटेनं उलटा जाऊन कुणाला तरी जाब विचारू शकतो का. तामलवाडीच्या पलीकडची बाई या परीक्षेत पैकीच्या पैकी. गुलबर्ग्याची डाळ, जर मी तिथल्या एका शेतकरी गटाकडून वर्षाची १५ किलो थेट मागवत असेन आणि गेल्या वर्षी खडे निघाले म्हणून फोन करू शकत असेन, तर ती पण पास. चौथ्या टेबलवरचा बटाटा नापास, मालक माझ्या सख्ख्या गावचे असले तरी.

यावर माझ्या शेजाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. ते म्हणतात, तू यार्डातल्या अडत्याला आणि मंडईतल्या अक्काला शत्रू करून टाकलास. तसं नाही. मंडईतली अक्का पहाटं चारला उठून यार्डात जाते, ऊन-पावसात दिवसभर बसते, उरलेला माल कुजला तर तिचाच तोटा, ती या शहराला जेवायला घालते. रोज २०० शेतकरी माझ्या दारात येऊ शकत नाहीत, कुणीतरी गोळा करायला पाहिजेच, आणि श्री सिद्धेश्वर बाजार समितीचं यार्ड नसतं तर आपण कांदा कुठनं आणणार होतो. माझी तक्रार फक्त एवढीच की यार्डातल्या मालाला यार्डातला म्हणा. अक्कानं तर मला ते न लाजता सांगितलं होतं. लपवाछपवी आमच्या फ्लेक्सखालीच होती.

दुसरा आक्षेप जास्त खरा होता, आणि तो एका शेतकऱ्यानंच काढला. मी उत्साहात म्हटलं, आता सात नको, बारा दाखवा, ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवरच होते, पीकपेऱ्यात भाजी दिसली तरच टेबल. तो हसला. म्हणाला, "सर, पाच गुंठ्यातली मेथी कोण पीक पाहणीत टाकतंय? आणि माझी मावशी वाट्यानं करती, तिच्या नावावर सात पण नाही आणि बारा पण नाही. तिला बाहेर काढणार का?" गप्प बसलो. खरंच, सगळ्यात थेट भाजी आणणाऱ्या बायकांच्या नावावर बऱ्याचदा एक गुंठा पण नसतो. कागदानं शेतकरी ओळखायला गेलं की कागदवाला शेतकरी सापडतो.

मग ओळखायचं कसं, तर त्यानंच सांगितलं. "नुसतं विचारा, पुढच्या आठवड्यात काय आणणार." हे इतकं सोपं होतं की लाज वाटली. विकत आणणाऱ्याला आजचा भाव तोंडपाठ असतो पण पुढच्या रविवारी त्याच्याकडं काय असेल ते त्याला पण माहीत नसतं, यार्डात जे स्वस्त पडेल ते. पिकवणारा लगेच सांगतो, मेथीचा हा शेवटचा फड, आता शेपू दोन आठवडे, मग चुका. मी पुढच्या रविवारी टेबलाटेबलावर जाऊन विचारत सुटलो. एक आजोबा म्हणाले वांग्याला शेंडेअळी लागलीय, पुढच्या खेपेला निम्मंच येईल, आणि हे ते विकायला बसलेले असताना सांगत होते. चौथ्या टेबलावरचे मालक म्हणाले, "तुम्हाला काय पाहिजे ते सांगा, आणू."

मीटिंग झाली. मी दोन पाट्यांची कल्पना मांडली, हिरवी पाटी स्वतः पिकवलेल्या मालाला, पिवळी विकत आणलेल्या मालाला, कुणाला हाकलायचं नाही, नुसतं खरं लिहायचं. अर्धा तास वाद झाला. एकजण म्हणाले पिवळी पाटी लावली तर कोण घेणार, म्हटलं मग तोच तर मुद्दा आहे ना. पाट्या पास झाल्या. जिल्ह्याच्या अटीवर मात्र 'पुढच्या मीटिंगला बघू' असं झालं, कारण दोघांना वाटतं की ती काढली तर उद्या कर्नाटकातनं टेम्पो येतील. येऊ दे की, पाटी आहे ना. पण नाही.

चौथ्या टेबलावर आता पिवळी पाटी आहे आणि गंमत म्हणजे त्यांचा बटाटा तसाच खपतोय, लोकांना एकाच ठिकाणी सगळं मिळालं की बरं पडतं. मी पण गेल्या वेळी एक किलो घेतला.

तामलवाडीकडची ती बाई दोन रविवार आली नाही, मग एक दिवस गेटच्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली पोतं अंथरून बसलेली दिसली, आमच्या मांडवापासून दहा पावलांवर. तिचा माल आमच्या आधी संपतो. परवा तिला म्हटलं, ताई, मी कमिटीत परत विषय काढतो, तुम्हाला आत जागा मिळंल. तर म्हणाली, "कशाला सर? आत टेबलाचं भाडं हाय की." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन पेंड्या शेपू घेतला आणि सवयीनं विचारलं, पुढच्या रविवारी काय?

"हरभऱ्याचं डहाळं. धुई नाही पडली तर."